तुळईवरचा निळा थेंब

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी जळगावात मुलं तलावावर पोहायला निघाली की माझं पोट दुखायला लागायचं. कॉलेजात ॲसिडची बाटली उचलताना हात इतका थरथरायचा की आमचे प्राध्यापक वैतागून म्हणाले, तू आपला बुरशीकडे वळ, बुरशी कोणाला भाजत नाही. मी ते मनावर घेतलं. त्या निरुपद्रवी विषयानंच पुढे मला एकवीस दिवस असं घाबरवलं की त्या दिवसांची आठवण आली की अजूनही तळहाताला घाम सुटतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. कागद मिळेनासा झाला होता, वर्तमानपत्रं निम्म्या पानांवर आली होती आणि शाळेतली मुलं पुन्हा पाटीवर लिहायला लागली होती. जळगावच्या एका शेटजींच्या मनात आलं की आपल्या खानदेशात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग पडतात आणि चुलीत जातात, त्यांचा कागद का होऊ नये? पऱ्हाटी चिवट. ती मऊ कशी करायची हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या प्राध्यापकांनी सुचवलं होतं. लाकूड कुजवणारी बुरशी लाकूड चावत नाही. ती आधी स्वतःच्या अंगातून एक रस बाहेर सोडते आणि त्या रसातलं एन्झाइम लाकडाचा चिवटपणा काढून घेतं. बुरशी पाळायची, रस काढायचा आणि त्यात पऱ्हाट्या भिजवायच्या. कोणत्या परिस्थितीत बुरशी सगळ्यात जास्त रस देते, तेवढं शोधून काढायला शेटजींनी मला नोकरीला ठेवलं.

बुरशी मी साक्रीच्या जंगलातून आणली, एका पडलेल्या सालईच्या ओंडक्यावरून. खोली मात्र धुळ्यात घेतली. सोनगीरच्या रस्त्यावर एका शेतकरी कुटुंबाचं मातीच्या जाड भिंतींचं धाब्याचं घर होतं. घरमालकांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. घराच्या एका मोठ्या खणात मधोमध कुडाची भिंत घालून त्यांनी दोन खोल्या केल्या होत्या. अलीकडची मला दिली, पलीकडची त्यांचं माजघर. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, पेलणारी तुळई मात्र एकच होती. ती माझ्या बाहेरच्या भिंतीत सुरू व्हायची, कुडावरून पलीकडे जायची आणि त्यांच्या भिंतीत शिरायची. बाकी घर सागाचं होतं, ती एक आंब्याची. आबांच्या वडिलांच्या वेळी साग कमी पडला, म्हणून घातली होती म्हणे. खोली घेताना मी या तुळईकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

माझी प्रयोगशाळा म्हणजे मुरंब्याच्या बरण्या. प्रत्येकीत गव्हाचा कोंडा आणि पऱ्हाटीचा चुरा वेगवेगळ्या मापानं घ्यायचा, पाणी घालायचं, मोठ्या तपेल्यात वाफवायचं, निवल्यावर बुरशीचं विरजण लावायचं. बारा-चौदा दिवसांत आत पांढरं जाळं पसरे. मग पाण्यात कालवून रस गाळायचा आणि त्यावर ग्वायकम नावाच्या परदेशी डिंकाचा अर्क टाकायचा. तो मला दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मिळवून दिला होता. अर्क असतो तांबूस, पण एन्झाइम असलं की थेंब निळा होतो. किती निळा, ते मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. मी कपड्यांची नीळ पाण्यात कालवून फिक्यापासून गडदपर्यंत सात नळ्या करून ठेवल्या होत्या. आजचा रस तिसऱ्या नळीचा, कालचा चौथ्या नळीचा, अशी माझी मोजणी चालायची.

वर्षभरात बऱ्याच गोष्टी कळल्या. खाणं भरपूर दिलं की बुरशी गुटगुटीत होते आणि आळसावते, रस देत नाही. कोंडा कमी करून नुसत्या लाकडावर उपाशी ठेवली की कामाला लागते. पाणी इतकंच हवं की मूठ दाबल्यावर थेंब यावा, धार येऊ नये. किंचित आंबट लागतं. उजेड नको. आणि ऊन तर बिलकूल नको. ब्याऐंशी ते शहाऐंशी अंश फॅरनहाइटमध्ये ती खूश, त्यावर कोमेजते. धुळ्याचा चैत्र एकशे दहाला टेकतो. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या निम्म्या बरण्या मेल्या. मग मी खोली गार ठेवायची युक्ती काढली. गोणपाटाचा मोठा पडदा तुळईच्या भिंतीकडच्या टोकावरून खाली सोडला, त्याच्या मागे बरण्यांची मांडणी ठेवली आणि दिवसातून तीनदा शिडीवर चढून वरून पाणी ओतायला लागलो.

पाण्यासाठी अक्कांनी एक जुनी, आतून सगळी हिरवट पडलेली तांब्याची घागर दिली. देताना म्हणाल्या, "मास्तर, बठ्ठी हिरवी पडेल शे ती. पेऊ नका तिनं पानी." मी मास्तर नव्हतो, पण शिकलेला माणूस म्हणजे मास्तर, असा त्या घराचा हिशेब होता. एकदा विहिरीचं पाणी आणायचा कंटाळा आला म्हणून मी बरण्यांनाही त्याच घागरीतलं पाणी घातलं. त्या खेपेचा रस एकदम पाचव्या नळीवर गेला. माझा विश्वास बसेना. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा पाचवी. बुरशीला तांबं मानवत होतं. मी ते नोंदवहीत ठळक लिहिलं आणि शेटजींना पत्र टाकलं. त्यांनी उलट कळवलं की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की स्वतः पाहायला येतो, नमुने तयार ठेवा. माझी नोकरी आता पक्की होणार, असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात गोणपाट कुजून फाटलं, म्हणून ते बदलायला मी शिडीवर चढलो. घडी उचलली आणि तिथेच थिजलो. तुळईच्या टोकावर, थेट भिंतीत शिरते तिथपर्यंत, पांढरं जाळं पंख्यासारखं पसरलेलं होतं. वास तोच, माझ्या बरण्यांचा, ओल्या अळंबीचा. खाली उतरलो, अर्काची बाटली घेतली, पुन्हा चढलो. पहिला थेंब माझ्याच शर्टावर पडला. दुसरा लाकडावर पडला आणि बघता बघता निळा झाला, सातव्या नळीहूनही गडद. इतका निळा मला दोन वर्षांत एकाही बरणीनं दिला नव्हता. मग मी दाभण घेतलं आणि लाकडात टोचलं. ते लाकडी मुठीपर्यंत आत गेलं. जोर लावावाच लागला नाही.

खाली येऊन मी नोंदवही उघडली. उत्तम परिस्थिती, असं शीर्षक देऊन मीच सगळं लिहून ठेवलं होतं. अंधार हवा: गोणपाटाखाली अंधार. ओल कायम पण धार नको: तीन वेळचं पाणी. उष्णता माफक: त्याचसाठी तर पडदा. दुसरं खाणं नको, नुसतं लाकूड: आंब्याची तुळई. आणि तांबं: अक्कांची घागर. दोन वर्षं मी बरण्यांमध्ये जे जुळवत होतो, ते माझ्या डोक्यावर मीच आयतं जुळवून दिलं होतं.

सरळ जाऊन सांगायला हवं होतं. मी पलीकडे निघालोसुद्धा. माजघराच्या दारात अक्का कुरडयांचा चीक घोटत बसल्या होत्या. काय मास्तर, एवढा चेहरा का उतरला, असं त्यांनी विचारलं आणि चिकाची वाटी हातात दिली. मी ती खाल्ली आणि परत आलो. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. आबांनी बरण्या रस्त्यावर मांडल्या असत्या. त्या उन्हात बुरशी दोन दिवस टिकली नसती. शेटजी आले असते आणि दाखवायला माझ्याकडे काही नसतं. नोकरी गेली की जळगावला बापाच्या घरी तोंड घेऊन जायचं आणि लोकांनी विचारायचं, काय झालं, बुरशी पळाली का? म्हणून मी ठरवलं की शेटजी येऊन जाईपर्यंत गप्प बसायचं. मग सांगायचं.

तुळईवर पाणी ओतणं बंद केलं. पडदा तिथून काढून वेगळ्या दोरीवर टाकला आणि तिथेच भिजवायला लागलो. लाकूडबाजारातून मोहाचा एक जाड खांब आणला आणि तुळईच्या टोकाखाली विटेवर टेकू दिला. आबांनी विचारलं, हे काय, तर मांडणीला आधार, असं सांगितलं. तेवढ्यानं जीव थोडा स्थिरावला, पण रोज सकाळी वर बायका कुरडया वाळत घालायला चढायच्या. पाऊल वाजलं की मी खाली मान आत ओढून घ्यायचो. कधी भिंतीच्या कडेनं भुरभुर माती पडायची. मी कागद पसरून ती गोळा करायचो आणि आज कालच्यापेक्षा जास्त पडली का ते पाहायचो. जेवण जाईना. बाहेर झोपायला गेलो तर खोली माझ्या माघारी पडेल अशी भीती, आत झोपलो तर माझ्यावर पडेल अशी भीती. आणि एवढं सगळं चालू असताना त्या तुळईची एक ढलपी काढून मी नव्या बरणीत लावली, हेही सांगायलाच हवं. आठ दिवसांत तेच जाळं, तोच वास. ती माझीच बुरशी असावी. खात्री करायला माझ्यापाशी साधन नव्हतं, पण भीतीला खात्री लागत नाही.

आखाजी आली. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. मुराळी जाऊन लेकीला घेऊन येतो, गौराई बसते, आमरस होतो आणि झोके बांधले जातात. आबांची एकुलती लेक आदल्या वर्षीच साक्रीकडे दिलेली होती. ही तिची लग्नानंतरची पहिली आखाजी. ती आली तेव्हा घराला जणू जाग आली. मलाही भाऊ म्हणून हाक मारली, सासरहून आणलेल्या दोन सांजोऱ्या दिल्या. मी तिच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

झोका दरवर्षी अंगणातल्या निंबाला बांधत. पण मागच्या वादळात त्या निंबाची मोठी फांदी मोडली होती, हे मला माहीत होतं आणि तरीही मग झोका कुठे बांधतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सणाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर कुडाच्या पलीकडून लोखंडाचा आवाज आला. माजघरात त्या तुळईला दोन कड्या होत्या, लेकीच्या पाळण्याच्या. आबांनी त्यांतूनच दोर ओवले होते. पाट बांधला, मैत्रिणी जमल्या, गाणी सुरू झाली आणि कड्या कुरकुरायला लागल्या.

मी टेकूला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. झोका पुढे गेला की खांबात एक हलका धक्का यायचा, मागे गेला की दुसरा. मी मोजायला लागलो. टेकू माझ्या बाजूला, वजन त्यांच्या बाजूला. टेकू दिला तेव्हा मी फक्त धाब्याचा भार धरला होता, कोणी या तुळईला लोंबकळेल हे धरलंच नव्हतं. भिंतीच्या कडेनं माती पडायला लागली, आधी भुरभुर, मग चिमटीएवढी. पलीकडे कोणीतरी म्हणालं, आता दोघी चढा. धक्के जड झाले. खांबाखालची वीट करकरली. मी मनात म्हणत होतो, आता थांबतील, दमतील, आता थांबतीलच. किती झोके गेले? चाळीसपर्यंत मोजले, मग आकडा चुकला. तेव्हा वीट तडकली.

मी कसा पलीकडे गेलो ते आठवत नाही. माजघर बायकांनी भरलेलं, आबा दाराशी पाहुण्यांत बसलेले, लेक आणि तिची मैत्रीण पाटावर उभ्या. मी पुढे होऊन दोरच धरला. परक्या पुरुषानं असा भरल्या घरात झोक्याला हात घातलेला पाहून गाणी एकदम थांबली.

"आबा, पोरींना खाली उतरवा," मी म्हणालो. "तुळई सडली आहे."

सणाच्या दिवशी, लेक माहेरी आलेली असताना, घराच्या तुळईबद्दल कोणी असं तोंड उघडतं का? अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. एक म्हातारी पुटपुटली की मास्तरला ऊन लागलं. पण आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं पोरींना खुणावलं. त्या उतरल्या. मग आबा माझ्यामागोमाग खोलीत आले, तडकलेली वीट पाहिली, शिडीवर चढले. मी खालून दाभण दिलं. त्यांनी ते एकदाच टोचलं. मुठीपर्यंत गेलेलं दाभण त्यांनी तसंच राहू दिलं.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कव्हयपासून माहीत शे तुले?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच ते मला तू म्हणाले होते. मी म्हणालो, एकवीस दिवसांपासून. खोटं बोलता आलं असतं, पण त्या वेळी सुचलं नाही.

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी घरातली माणसं अंगणात काढली, दोन पाहुण्यांना घेऊन संध्याकाळपर्यंत तुळईखाली चार टेकू दिले आणि दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. सुतारानं भिंत फोडून टोक बाहेर काढलं. हातात घेऊन कुस्करलं तर त्याचा भुगा झाला. तो म्हणाला, ही कीड जुनी आहे, धाब्याची गळती कित्येक पावसाळे इथे मुरत असणार, मास्तरच्या पाण्याचा दोष असलाच तर थोडा. मी त्याचे पाय धरायच्या बेतात होतो. त्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं काढली. कोणाला ही हकिगत सांगायची वेळ आली की मी ते वाक्य आधी सांगायचो.

शेटजी चार दिवसांनी आले. ढलपीच्या बरणीतला रस त्यांनी पाहिला, सातव्या नळीशी ताडून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. तीच बुरशी घेऊन जळगावला चला म्हणाले. मी गेलो. पऱ्हाट्या बरणीत मऊ झाल्या, हौदात झाल्या नाहीत, आणि लढाई संपून कागद मिळायला लागल्यावर शेटजींचा उत्साहही संपला.

पण मी धुळं सोडलं त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी बरण्या भुशात गुंडाळून टोपलीत भरत होतो. तांब्याची घागर घासून मी अक्कांच्या दाराशी ठेवली होती. ती त्यांनी आत नेली नव्हती. तेवढ्यात लेक माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही त्या दिवशी सासरी परतायचं होतं, डोक्यावर नवा पदर होता. आत नाही आली.

"भाऊ," ती म्हणाली, "मी झोकावर व्हतू, तव्हय तुम्हले माहीत व्हतं ना?"

मी हो म्हणालो. मग मी बोलत सुटलो. किती भीती वाटत होती ते तिला सांगितलं. तीन आठवडे घशाखाली घास उतरला नाही, वर पाऊल वाजलं की जीव जायचा, झोक्याचा प्रत्येक धक्का मी हातानं मोजला, सगळं सांगितलं. माझे डोळे भरून आले होते. माझी दया यावी असंच मला वाटत असणार.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नव्हती. खरंच समजून घ्यायचं असावं अशा आवाजात तिनं विचारलं, "इतलं भ्यात व्हतात, तं मंग कोनासाठे भ्यात व्हतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तुझ्यासाठीच, असं म्हणायचं होतं. अंगणातून तिला हाक आली, बैलगाडी जुंपून झाली होती. ती गेली. मी टोपलीशी बसून राहिलो आणि ते एकवीस दिवस एकेक करून आठवून पाहिले. त्यांतल्या एकाही दिवशी, तो झोका बांधला जाईपर्यंत, मला तिच्या जिवाची भीती वाटली नव्हती.